मऊ पॅड, कडक पॅड आणि माझी चिमूट

सोमवार, ३ तारीख

नवी वही काढली. जुनीत अजून पंधरा पानं कोरी आहेत, पण ती लाकडाची. अडतीस वर्षं फर्निचरच्या कारखान्यात खुर्च्या, कपाटं, टेबलं हातानं पॉलिश केली, त्या सगळ्या नोंदी तिच्यात आहेत. आता घरच्या शेडमध्ये मशीननं लोकांच्या गाड्या पॉलिश करते. गाडीच्या रंगाला वेगळी वही हवी. ह्यांना तसं सांगितलं तर म्हणाले, "वेगळी वही, वेगळी शेड, वेगळं मशीन. नवरा तेवढा जुनाच चालवून घेतेस."

म्हटलं, "त्याला घासून काही चमक यायची नाही, म्हणून."

निमित्त असं की रस्त्याच्या टोकाला ज्यांचा दातांचा दवाखाना आहे, त्या डॉक्टरीणबाई आज गाडी लावून गेल्या. गाडी त्यांच्या वडिलांची, काळी, बावीस वर्षांची. वडिलांचं खुब्याचं ऑपरेशन झालंय. बावीस तारखेला त्यांना इस्पितळातून घरी आणायचंय, तेही ह्याच गाडीतून, चकचकीत करून. "गाडी बघून बाबा बरे होतील असं नाही," म्हणाल्या, "पण मळकी दिसली तर इस्पितळाच्या दारातच मला फैलावर घेतील."

चार महिन्यांत अकरा गाड्या केल्या, सगळ्या पांढऱ्या नाही तर चंदेरी. पांढरी गाडी म्हणजे गरीब गाय, तिला काहीही करा, बोलत नाही. काळी तोंडाळ असते. उन्हात उभी केली आणि अंगभर कोळ्याचं जाळं दिसलं. वर्षानुवर्षं कुणीतरी मळक्या फडक्यानं गोल गोल पुसलीय.

लेकीचा फोन आला. काळी गाडी घेतली म्हटल्यावर सुरूच झाली. "आई, वय काय तुझं? लोकांच्या वस्तू आहेत. एक गाडी बिघडली तर काय करशील?"

"बिघडली तर मशीन विकीन. झालं समाधान?"

"कबूल?"

"कबूल."

रागाच्या भरात बोलून गेले. पण बिघडायचीच नाही, तर भ्यायचं कशाला?

बुधवार, ५

पॅड आणले. मशीनच्या तोंडाला चिकटवायच्या ह्या फोमच्या चकत्या, भाकरीएवढ्या. कडक पॅड ओरखडा कापतो, मधला कडकचा माग पुसतो, मऊ शेवटी झळाळी आणतो. लाकडालाही असंच, आधी खरखरीत मग तलम. फरक इतकाच की गाडीवर सुरुवात मऊपासून करून बघायची आणि त्यानं भागलं नाही तरच कडकाकडे जायचं, कारण गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर कागदासारखा पातळ. तो गेला की गेला. हे मला कुणी शिकवलं नाही. एक पत्र्याचा दरवाजा भंगारातून आणून त्याची वाट लावली, तेव्हा कळलं.

पॅडच्या दुकानदाराला मी स्पंजवाला म्हणते, त्यालाही ते आवडतं. तो म्हणाला, "आक्का, पिवळा कडक, नारिंगी मधला, काळा मऊ. लक्षात ठेवायला सोपं."

दुसऱ्या कंपनीच्या पाकिटावर पिवळाच मऊ लिहिलं होतं. त्याच्या नाकासमोर धरलं. "हे काय रे?"

"ती कंपनी वेगळी, आक्का. रंगाला नियम नाही. ज्याला जो रंग स्वस्त पडतो, तो."

म्हणून मी रंग बघतच नाही. कारखान्यातही मी चिंधी चिमटीत धरून सांगायची, ही पहिल्या हाताची, ही शेवटच्या. मालक दुसऱ्यांनी निवडलेल्या चिंध्या माझ्याकडून तपासून घ्यायचे. दोन्ही कंपन्यांचे मिळून नऊ पॅड घेतले आणि घरी आल्यावर लेबलं सोलून टाकली. लेबल वाचून काम करतो तो कारकून.

शुक्रवार, ७

डिकीवर टेप लावून वितभर चौकोन करून पाहिला. हे शेजारी स्टुलावर पेपर घेऊन बसले होते. नळावर हात धुऊन आले तर ह्यांनी पॅड हातात दिला. "हा घे. हा मऊ वाटतोय." म्हटलं, तुम्हाला काय कळतंय त्यातलं, पण होता मऊच. चौकोन असा निघाला की त्यात माझे केस विंचरून घेतले. सगळी डिकी झाली. दोन दिवसांत दारं होतील.

हल्ली ह्यांना शेडमध्ये फार करमतं. आणि स्वयंपाकघरातही. सकाळी दुधाचं पातेलं उतरवायला गेले तर पुढ्यात येऊन उभे. "मी घेतो." चाळीस वर्षांत पातेल्याचा कान कुठं असतो ते ठाऊक नव्हतं!

शनिवार, ८

दोन्ही बाजूंची दारं झाली. पॅड ह्यांनीच काढून दिले. उजव्या हाताच्या दोन बोटांना फोड आलाय. कधी भाजलं काही आठवत नाही. ब्लाउजाची हुकं हल्ली कशाची बनवतात कोण जाणे, लागतच नाहीत.

सोमवार, १०

लिहावंसं वाटत नाही. म्हणूनच लिहिते.

हे सकाळी चष्म्याच्या दुकानात गेले होते. मी बॉनेट घेतलं. सगळे पॅड काल एकाच बादलीत धुऊन वाळवले होते. त्यातला एक पिवळा चिमटीत धरला, लोण्यासारखा वाटला. शेवटचा हात म्हणून तोच लावला. मध्येच बॉनेटवर बोटं टेकवून पाहिली. पत्रा तापला तर थांबायचं असतं. गार होता.

फडक्यानं पुसलं तर बॉनेटवर धुकं. आरशावर श्वास सोडावा तसं. आणि पुढच्या उंचवट्यावर, कडेला, अंगठ्याच्या नखाएवढा निस्तेज ठिपका. तिथून फडकं फिरवलं तर फडक्यावर काळं आलं. म्हणजे वरचा थर फाटून खालचा रंग निघाला. कडेला थर आणखी पातळ असतो, आणि घाईत तिथं टेपही लावली नव्हती.

पत्रा गार होता. मग जळला कसा?

पॅडच खराब. मऊ म्हणून कडक माल भरलाय. उद्या त्या स्पंजवाल्याची खरडपट्टी काढते.

मंगळवार, ११

काढली! दुकानात चारपाच गिऱ्हाइकं होती, बरंच झालं. पिवळा पॅड टेबलावर आपटला. "हा मऊ?"

स्पंजवाल्यानं दाबून पाहिला. "आक्का, हा कडक आहे. पहिल्या कंपनीचा."

"माझ्या चिमटीला मऊ लागला. म्हणजे मालात खोट."

"तसं नाही, आक्का..."

"तसं नाही म्हणजे? मी खोटं बोलते? काढ तुझे तीन नवे पॅड. डोळे मिटून सांगते. चुकले तर पुन्हा तुझ्या दुकानाची पायरी चढणार नाही."

हे मागून म्हणाले, "अगं, जाऊ दे ना." ऐकते कोण. डोळे मिटले. त्यानं एकेक पॅड हातात दिला. पहिला दाबून म्हटलं, मऊ. दुसरा, मधला. तिसरा, कडक. डोळे उघडले तर दुकान चिडीचूप. गिऱ्हाइकं हातातल्या सामानावरची लेबलं वाचत होती. स्पंजवाला खाली बघून म्हणाला, "बरोबर, आक्का. तिन्ही बरोबर."

"मग?"

"मालच चुकला असेल. हे दोन घेऊन जा, माझ्याकडून."

बघितलंत? हात तो हात! येताना ह्यांनी माझी पिशवी धरली आणि अख्ख्या रस्त्यात अवाक्षर काढलं नाही. बायको जिंकली की पुरुषांना असंच होतं.

गुरुवार, १३

नवे पॅड लावूनही बॉनेटवर धुकं तसंच. ठिपक्यावर मेण चोपडलं की दहा पावलांवरून दिसत नाही. लावून पाहिलं, खरंच दिसत नाही. आणि तेच मला सहन होईना. कारखान्यात लोक चिरा मेणानं बुजवून कपाटं गाडीवर चढवायचे, त्यांच्याशी मी जन्मभर भांडले. पुसून काढलं आणि डॉक्टरीणबाईंना निरोप पाठवला.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत आल्या. मी ठिपका दाखवला. "हा माझ्या हातून झाला. पॉलिशनं जाणार नाही, रंगच द्यावा लागेल. आणि बॉनेट धुकटलंय ते वेगळं."

त्या वाकून खूप वेळ बघत राहिल्या. तोंड उतरलं होतं. मग म्हणाल्या, "बाबांना दिसणार." मी म्हटलं, "दिसणार."

"रंग नको. मधेच नवा तुकडा दिसला तर ते जास्त चिडतील. कशानं झालं?"

"पॅड. मालात खोट होती."

बोलताना मी बोट दाखवत होते. त्यांनी ते बोटच धरलं. "हे कधी भाजलं?"

"लक्षात नाही."

"एवढा फोड, आणि लक्षात नाही?" पर्समधून कापूस काढला, त्याची बारीक वात केली. "आक्का, डोळे मिटा. बोटाला लागलं की हो म्हणा."

मिटले. वाट बघितली. शेवटी कंटाळून म्हटलं, "सुरू करा की आता."

"सात वेळा लावला," त्या म्हणाल्या.

डोळे उघडले. कापूस माझ्या अंगठ्याच्या टोकावरच होता. दिसत होता. लागत नव्हता.

त्यांनी खांद्यावर हात ठेवला नाही, बरं केलं. म्हणाल्या, "मी एकदा भलत्याच दाताला भूल दिली होती. तिथल्या तिथं सांगून टाकलं. ते गृहस्थ अजून माझ्याकडेच येतात. तुम्ही आधी नसांच्या डॉक्टरांना हात दाखवा. बॉनेटचं काय करायचं ते तुम्ही सांगा, मला रविवारपर्यंत."

शुक्रवार, १४

ह्यांना विचारलं. "दुकानात मी खरंच बरोबर सांगितलं होतं का?"

हे चष्मा पुसायला लागले. चष्मा स्वच्छ होता.

"बोला."

"मधला बरोबर होता."

"म्हणजे कडकाला मऊ म्हटलं आणि मऊला कडक."

"हो."

"आणि तुम्ही गप्प बसलात. तो गप्प बसला. अख्खं दुकान गप्प बसलं."

"काय बोलायचं होतं गं? इतकी ताठ उभी होतीस डोळे मिटून."

मी जे काही बोलले ते इथं लिहीत नाही. पातेल्याचंही समजलं. भाजलं तरी मला कळत नाही, हे दोन महिने बघत होते म्हणे. दारांसाठी पॅड काढून देत होते तेही त्याचसाठी. मला वाटलं दारं मी केली.

बोटं गेली त्याचा राग येतोय, पण तो कुणावर काढणार? ह्यांच्यावरचा मात्र काढता येतो. मला कळत नसेल तर सांगा की! हरले तर हरू द्या. खोटं खोटं जिंकवायला मी काय पाळण्यातलं पोर आहे?

शनिवार, १५

सकाळीच दुकानात. स्पंजवाल्यानं मला बघितलं आणि त्याचा चेहराच पडला. फुकटचे दोन पॅड समोर ठेवले.

"खोटं का बोललास?"

"आक्का, माझी आई असती तरी मी..."

"तुझी आई असते तर कान उपटला असता. तुझ्या खोट्यापायी मी आणखी दोन दिवस त्या बॉनेटवर घासत बसले. थर आणखी पातळ केला. ती दया झाली?"

तो वरमला. "चुकलं."

"मग आता खरं सांग. चिमटीशिवाय पॅड कसा ओळखायचा?"

"लेबल वाचून, आक्का."

हसू आलं मेलं. त्यालाही आलं. पण लेबलं तर मी सोलून फेकली होती, आणि धुतल्यावर तीन पॅडचे रंगही उडालेत. शिवाय पॅड वापरून मऊ पडतो, ते लेबलाला कुठं कळतं? त्यालाही उत्तर ठाऊक नाही.

ठीक आहे. मला कुणी काही शिकवलंय कधी?

रविवार, १६

आज शेडमध्ये इस्त्री नेली. गार, जुनी, जड. पॅड टेबलावर ठेवायचा, वर इस्त्री ठेवायची, बाजूला फूटपट्टी उभी धरायची आणि पॅड किती दबतो ते बघायचं. बघायचं, दाबायचं नाही! डोळे अजून शाबूत आहेत माझे.

कडक पॅड जेमतेम दोन रेघा खाली जातो. मधला पाच. मऊ अकरा-बारा. एक जुना पॅड मी कडक म्हणून वापरत होते तो वापरून वापरून सहावर आलाय. म्हणजे चिमूट धड होती तेव्हाही हा बारकावा मला असा आकड्यात सांगता आला नसता. हे लिहिताना छाती उगाच फुगली, असो.

मग प्रत्येक पॅडच्या पाठीच्या कापडी चकतीला कात्रीनं काप दिले. कडकाला एक, मधल्याला दोन, मऊला तीन. शाई पॉलिशमध्ये उतरली असती. हे इस्त्री उचलायला पुढं झाले तेव्हा म्हटलं, "बसा. दुखलं तर हाक मारीन."

"दुखलं तर तुला कळेल का?" हे म्हणाले, आणि लगेच जीभ चावली.

मी त्यांच्याकडे बघितलं. न विचारता पहिल्यांदाच खरं बोलले. "चांगला प्रश्न आहे," म्हटलं, "लक्ष ठेवा मग."

डॉक्टरीणबाईंना कळवलं: बॉनेट मीच करीन, आधी कोपऱ्यात वितभर करून दाखवीन, पसंत पडलं नाही तर हात लावणार नाही. त्यांनी "बघू" म्हटलं. "बघू" म्हणजे नाही नव्हे.

मंगळवार, १८

नसांच्या डॉक्टरांनी बोटांवर टाचणी, गरम, गार सगळं करून पाहिलं. इतक्या वर्षांचं पॉलिशमधलं थिनर असेल किंवा रक्तातली साखर असेल, तपासणीनंतर कळेल. थोडं परत येईल किंवा येणार नाही. गोळ्या दिल्या. हातमोजे घाला म्हणाले, थिनरला हात लावू नका म्हणाले. काम बंद करा असं मात्र म्हणाले नाहीत. मी दोनदा विचारून घेतलं आणि ह्यांना साक्षीला ठेवलं.

लेकीला फोन केला. सगळं सांगितलं, ठिपक्यासकट. ती रडली. मग नाक ओढत म्हणाली, "आई, तू कबूल केलं होतंस. बिघडली तर मशीन विकणार."

"केलं होतं. बिघडली. आणि विकत नाही."

"म्हणजे शब्द फिरवतेस?"

"फिरवते. तो शब्द मी हात धड आहेत असं समजून दिला होता. आता काय धड नाही ते समजलंय, म्हणजे आधीपेक्षा जास्त समजून काम करीन. तुला लाज वाटत असेल तर मैत्रिणींना सांग, आमची आई हट्टी आहे."

"ते सगळ्यांना माहीतच आहे," म्हणाली आणि फोन ठेवला. रागावली आहे. रागावू दे. शब्द मोडला हे बरं नाही केलं, पण त्याचं वाईट मशीन विकून वाटून घेणार नाही.

गुरुवार, २०

बॉनेट.

सकाळी डॉक्टरीणबाई समोर खुर्ची टाकून बसल्या, तोंडावर दवाखान्यातली पट्टी तशीच. आधी सगळ्या कडांना आणि उंचवट्याला टेप. मग मऊ, तीन कापांचा. कोपऱ्यात वितभर. धुकं थोडं हललं, गेलं नाही. दोन कापांचा लावला, मशीन हळू, पॉलिश वाटाण्याएवढं. मग पुन्हा तीन कापांचा. पत्रा तापलाय का ते कोपरानं बघत होते, तान्ह्याच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं. कोपराला कळतं! एकदा चांगलंच कळलं आणि मशीन बंद करून पाच मिनिटं बसले.

पुसलं. डॉक्टरीणबाई उठून आल्या, बॉनेटवर वाकल्या आणि पट्टी खाली ओढून आपल्याच प्रतिबिंबाला दात दाखवून बघितले. "आक्का," म्हणाल्या, "माझ्या आरशात एवढं दिसत नाही. करा पूर्ण."

संध्याकाळपर्यंत झालं. कंबर मोडली. ठिपका आहे तिथंच आहे. चमकत्या बॉनेटवर तो आता जास्तच दिसतो. मेण तिथंही सगळीकडे लावलं तेवढंच लावलं.

रविवार, २३

काल वडील घरी आले. डॉक्टरीणबाईंनी आज येऊन सांगितलं. इस्पितळाच्या दारात चाकाच्या खुर्चीतून त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारून घेतली, बॉनेटपाशी थांबवायला लावलं आणि ठिपक्यावर काठी टेकवली. "हे कुणी केलं?"

"बाबा, एक आक्का आहेत, त्यांनी..."

"त्यांना सांग, कडेला टेप लावायची असते." आणि मग गाडीत बसेपर्यंत एकच वाक्य बोलले, "बाकी हात चांगला आहे."

"वाईट नका वाटून घेऊ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

वाईट? दोन आठवड्यांत माझ्याशी इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं. टेपचं त्यांचं खरंच आहे. त्यांना माझा निरोप दिला, गाडी पुन्हा घाण करून पाठवा.

बुधवार, २६

आज नवी गाडी आली. एका शिकवणीवाल्या बाईंची, गडद निळी. निळीही काळीएवढीच तोंडाळ.

शेडमध्ये पॅड काढायला बसले. सवयीनं, कापांकडे न बघताच, एक उचलून चिमटीत धरला आणि म्हटलं, "हा मऊ."

"चूक," हे म्हणाले. पेपरातून डोकंही वर काढलं नाही.

चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्या कामाला चूक म्हटलेलं मला आठवत नाही. दुसरं कुणी म्हटलं असतं तर मी कंबर कसून उभी राहिले असते. आज मात्र काहीतरी मोकळं झाल्यासारखं वाटलं. पॅड खाली ठेवला आणि इस्त्री पुढं ओढली.

हे पेपर मिटून उठायला लागले. "थांब, बरोबर कुठला ते मी..."

"बसा खाली," म्हटलं. "चूक असेल तेव्हा चूक म्हणा. बरोबर कुठला, ते माझं मी शोधते."